इग्नाझ सेमेलवाइस: हात धुवायला लावणारा डॉक्टर

आपल्या मंडळ्यांतून परिचारिका होण्याची परंपरा जुनी आहे. आता तिच्या जोडीला फिजिओथेरपी शिकलेली तरुण मुलेमुलीही दिसू लागली आहेत. दोघांचेही काम हाताचे. आजाऱ्याच्या अंगाला हात लावल्यावाचून ते होत नाही. म्हणून ज्या माणसाने वैद्यांना आपल्याच हातांकडे संशयाने पाहायला शिकवले, त्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले.

इग्नाझ सेमेलवाइस यांचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरीत, डॅन्यूब नदीकाठच्या बूडा शहरात झाला. वडील किराणा मालाचे व्यापारी होते. दहा भावंडांत इग्नाझ पाचवे. वडिलांच्या इच्छेप्रमाणे १८३७ साली ते कायदा शिकायला व्हिएन्नाला गेले, पण लवकरच त्यांनी वैद्यकाची वाट धरली. १८४४ साली पदवी मिळाली. मनाजोगी जागा मिळेना, तेव्हा ते प्रसूतिशास्त्राकडे वळले आणि जुलै १८४६ मध्ये व्हिएन्नाच्या मोठ्या सार्वजनिक इस्पितळात प्राध्यापक क्लाइन यांच्या हाताखाली साहाय्यक झाले.

त्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी शिकत. इमारत एक, अन्न एक, हवा एक. रुग्ण घेण्याच्या पाळ्याही आलटून पालटून. तरी १८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या विभागात शेकडा सुमारे १० बाळंतिणी दगावल्या, तर दुसऱ्यात शेकडा ४ हून कमी. बाळंतपणानंतर दोनतीन दिवसांत कडकडून ताप यायचा, पोट फुगायचे आणि आठवड्याच्या आत सारे आटोपायचे. हाच तो सूतिकाज्वर. ही गोष्ट शहरातल्या गरीब बायकांना पक्की ठाऊक होती. पहिल्या विभागाची पाळी आहे असे कळले की त्या गुडघे टेकून विनवण्या करीत की आम्हांला दुसऱ्या विभागात घ्या. वाटेतच, रस्त्यावर बाळंत होऊन आलेल्या बायका मात्र त्या मानाने वाचत. हे सेमेलवाइस रोज पाहत होते आणि त्यांना ते सहन होत नव्हते.

त्यांनी एकेक कारण घेऊन पारखायला सुरुवात केली. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हा भाग मुलांना जरूर सांगावा, त्यांना तो आवडेल. गर्दी म्हणावी, तर दुसऱ्या विभागात गर्दी अधिक. हवा म्हणावी, तर ती दोन्हीकडे सारखी. पहिल्या विभागात बायकांना पाठीवर निजवून बाळंत करीत, दुसऱ्यात कुशीवर. तेही बदलून पाहिले, फरक पडेना. मरणासन्न बाईला शेवटचा संस्कार देण्यासाठी धर्मगुरू जात, तेव्हा त्यांच्यापुढे सेवक घंटा वाजवीत चाले. पहिल्या विभागात त्यांना साऱ्या खोल्यांतून जावे लागे. घंटेच्या भीतीनेच बायका हाय खात असतील, असा तर्क निघाला. सेमेलवाइस यांनी धर्मगुरूंना विनंती केली. ते आडवाटेने, घंटेवाचून जाऊ लागले. मरण थांबले नाही.

मार्च १८४७ मध्ये सेमेलवाइस व्हेनिसहून परतले तो त्यांचे स्नेही प्राध्यापक कोलेत्श्का वारल्याची बातमी कानी आली. प्रेताची चिरफाड शिकवताना एका विद्यार्थ्याची सुरी कोलेत्श्कांच्या बोटाला लागली होती. शवपरीक्षेचा अहवाल सेमेलवाइस यांनी वाचला आणि त्यांना तेच चित्र दिसले, जे मेलेल्या बाळंतिणींच्या शरीरात ते रोज पाहत होते. तेव्हा आजारही एकच असला पाहिजे. सुरीवर जे होते, तेच कोणाच्या तरी हातावर असले पाहिजे. सकाळी विद्यार्थी आणि डॉक्टर प्रेतघरात काम करीत, वरवर हात धुऊन तसेच बाळंतिणींना तपासायला येत. हातांचा वास दिवसभर जात नसे. सुईणी प्रेतघरात जात नव्हत्या.

आणि सर्वांत नेमाने प्रेतघरात कोण जात होते? स्वतः सेमेलवाइस. रोगाचे मूळ शोधावे म्हणून ते दररोज सकाळी मेलेल्या स्त्रियांची शरीरे तपासत आणि मग वॉर्डात येत. प्रेतांवर आपल्याइतके काम फार थोड्या प्रसूतितज्ज्ञांनी केले असेल, तेव्हा या मृत्यूंत आपला वाटाही मोठा, हे त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात लपवले नाही. जर्मनीतील कील शहरचे प्राध्यापक मिखाएलिस यांना हे सत्य पटले, तेव्हा आपल्याच हातून बाळंत झालेल्या नात्यातल्या स्त्रीचा मृत्यू त्यांना आठवला. त्या दुःखात त्यांनी १८४८ साली आगगाडीखाली जीव दिला. हात धुण्याची गोष्ट ऐकायला साधी, पण ती मान्य करणे म्हणजे काय मान्य करणे होते, हे यावरून ध्यानात यावे. सेमेलवाइस यांच्या विरोधकांना आम्ही निव्वळ दुष्ट म्हणू धजत नाही, ते याचसाठी.

मे १८४७ च्या मध्यापासून त्यांनी विभागाच्या दाराशी क्लोरीनच्या पाण्याचे भांडे ठेवले. पुढे स्वस्त म्हणून क्लोरीन दिलेला चुना, म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर, वापरली. हाताचा वास जाईपर्यंत चोळून धुतल्यावाचून कोणीही बाईला हात लावायचा नाही असा नियम केला. एप्रिलमध्ये शेकडा १८ बाळंतिणी मेल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण शेकडा २ च्या आसपास आले, जुलैमध्ये १ च्या आसपास.

पण कथा इथे संपत नाही. ऑक्टोबरमध्ये एक बाई दाखल झाली, तिला गर्भाशयाचा कर्करोग होता आणि त्यातून घाण वाहत होती. पाहणी तिच्या खाटेपासून सुरू होई. तिला तपासल्यावर डॉक्टरांनी नुसत्या साबणाने हात धुतले आणि पुढच्या खाटांकडे गेले. तेव्हाच्या १२ बाळंतिणींपैकी ११ मेल्या. म्हणजे विष केवळ प्रेतातून येत नाही, जिवंत माणसाच्या जखमेतूनही येते! नोव्हेंबरमध्ये एका बाईचा गुडघा सडलेला होता, तेव्हाही तसाच अनर्थ झाला. विभागात येताना एकदा हात धुणे पुरत नाही, एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना प्रत्येक वेळी धुवावे लागतात, हा धडा त्या ११ जणींच्या मोलाने मिळाला.

सडका गुडघा म्हटले की आम्हांला फिजिओथेरपिस्टची खोली आठवते. तिथे एकामागून एक गुडघे, खांदे, पाठी त्याच दोन हातांखाली येतात. पुष्कळांची समजूत अशी की हातमोजे चढवले की झाले. हातमोज्यांचा इतिहास तर वेगळेच सांगतो. १८८९-९० च्या हिवाळ्यात अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात कॅरोलाइन हॅम्प्टन नावाच्या परिचारिकेचे हात जंतुनाशक औषधाने फुटू लागले. तिच्यासाठी डॉ. हॉलस्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. पुढे दोघांचे लग्नही झाले. म्हणजे मोजे आले ते घालणारीचे हात राखायला. त्यांनी रुग्णही राखला जातो, हे मागाहून उमगले. अजूनही तीच गफलत होते. मोजा घातलेला माणूस स्वतःला सुरक्षित समजतो आणि तोच मोजा घेऊन दुसऱ्या खाटेकडे जातो. धड कातडीवर मालिश किंवा व्यायाम देताना बहुधा मोज्यांची गरज नसते. उघडी जखम, रक्त, पू, खाटेवर पडून झालेले व्रण असतील तिथे ते हवेतच. प्रत्येक रुग्णाला नवा जोड, आणि काढल्यावर हात धुणे आलेच, कारण मोज्यांना बारीक भोके असू शकतात आणि काढताना हात माखतात. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, हात दिसायला स्वच्छ असतील तर अल्कोहोलच्या द्रावाने २० ते ३० सेकंद, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. नखे कापलेली असावीत, अंगठी काढून ठेवावी, मलमाच्या बरणीत बोट घालू नये.

पुन्हा व्हिएन्नाकडे वळू. १८४८ च्या अखेरीस दोन्ही विभागांतील मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ सारखे झाले. पहिल्या विभागात ३५५६ बाळंतपणांत ४५ मृत्यू. स्कोडा, रोकिटान्स्की, हेब्रा यांसारखे नामांकित डॉक्टर त्यांच्या बाजूने उभे राहिले. तरी मार्च १८४९ मध्ये क्लाइन यांनी त्यांची मुदत वाढवली नाही. त्यात सेमेलवाइस यांचाही दोष होता, असे आम्हांस वाटते. लिहायला ते धजत नसत. मित्र आग्रह करीत आणि हे टाळत. १८५० साली कोणालाही न सांगता ते व्हिएन्ना सोडून पेस्टला निघून गेले, त्यामुळे मित्रही दुखावले.

पेस्टच्या सेंट रोखुस इस्पितळात त्यांनी सहा वर्षे प्रसूतिविभाग पाहिला. ९३३ बाळंतपणांत सूतिकाज्वराने मेल्या फक्त ८. १८५५ साली ते विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथे त्यांना आढळले की धुऊन आलेल्या चादरींवर आधीच्या बाळंतिणीचे डाग तसेच असतात, कारण धुण्याचे काम स्वस्तात दिलेले. हात स्वच्छ आणि चादर घाणेरडी! त्यासाठी ते वरिष्ठांशी भांडले. १८५७ साली त्यांचे लग्न झाले. पाच मुलांपैकी दोन लहानपणीच गेली.

अखेर त्यांचा मोठा ग्रंथ निघाला, त्यावर १८६१ साल आहे. तो लांबलेला आणि वादविवादाने भरलेला होता, आणि त्याचे फारसे स्वागत झाले नाही. मग त्यांनी युरोपातील प्राध्यापकांना उघडी पत्रे लिहिली आणि त्यांना खुनी ठरवले. खरे बोलणाऱ्याने असे बोलावे काय, यावर मतभेद होतील. रोज मरणाऱ्या बायका ज्याच्या डोळ्यांपुढे होत्या, त्याचे बोलणे घरी बसून तोलणे सोपे आहे.

१८६५ पर्यंत त्यांचे मन पार बिघडले. जुलैच्या अखेरीस जुने स्नेही हेब्रा त्यांना व्हिएन्नातल्या वेड्यांच्या इस्पितळात घेऊन गेले. तिथल्या पहारेकऱ्यांनी त्यांना मारहाण केली. अंगावरच्या जखमा चिघळल्या, विष रक्तात भिनले आणि १३ ऑगस्ट १८६५ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, ज्या विषाशी ते आयुष्यभर झुंजले त्याच विषाने त्यांचा अंत झाला.

त्याच्या आदल्याच दिवशी, १२ ऑगस्टला, स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात जोसेफ लिस्टर नावाच्या शस्त्रवैद्याने ११ वर्षांच्या एका मुलाच्या पायावर कार्बोलिक अॅसिडची पट्टी बांधली. गाडीच्या चाकाखाली सापडून त्याच्या पायाचे हाड मोडले होते आणि जखम उघडी होती. पाय न कापता तो मुलगा सहा आठवड्यांत चालत घरी गेला. १८७९ साली पाश्चर यांनी सूतिकाज्वराचा जंतू पॅरिसच्या विद्वानांना दाखवला. बुडापेस्टच्या वैद्यकीय विद्यापीठाला १९६९ सालापासून सेमेलवाइस यांचे नाव आहे. ज्या घरात ते जन्मले तिथे आज वैद्यकाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे, आणि त्याच घराच्या आवारात त्यांच्या अस्थी ठेवल्या आहेत.