कोंबडीच्या हृदयाची हरवलेली धडधड: आर्च ओबोलर आणि जुन्या हॉरर रेडिओची गोष्ट

शिकागोतल्या एका प्रयोगशाळेत जिवंत ठेवलेला कोंबडीच्या हृदयाचा छोटासा तुकडा अचानक वाढायला लागतो. दर तासाला दुप्पट. आधी टेबल, मग खोली, मग इमारत, मग अख्खं शहर. ऐकणाऱ्याला दिसत काहीच नाही, फक्त धडधड ऐकू येते आणि ती जवळ येत जाते. मार्च १९३७ मध्ये अमेरिकेच्या एनबीसी रेडिओवर 'लाइट्स आउट' या मालिकेत हे 'चिकन हार्ट' नावाचं नाटक लागलं. जुन्या हॉरर रेडिओची यादी कोणीही केली तरी हे नाव त्यात असतंच. पण ते मूळ प्रसारण आज कोणालाच ऐकता येत नाही. त्याचं रेकॉर्डिंग हाती लागलेलं नाही.

ते लिहिणाऱ्या माणसाचं नाव आर्च ओबोलर. जन्म डिसेंबर १९०७, शिकागो. आईवडील लॅटव्हियातल्या रीगाहून आलेले ज्यू स्थलांतरित, घरची परिस्थिती बेताचीच. 'लाइट्स आउट' ही मात्र त्याची कल्पना नव्हती. ती १९३४ मध्ये विलिस कूपर नावाच्या लेखकाने शिकागोतच सुरू केली होती. वेळ मध्यरात्रीची, कारण तेव्हा जाहिरातदारांना त्या वेळेत रस नव्हता. बॉस लक्ष देत नसलेला स्लॉट मिळाला की माणूस मनासारखं काम करतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही टीममध्ये बघायला मिळेल!

१९३६ मध्ये कूपर हॉलिवूडला गेला आणि मालिका ओबोलरच्या हातात आली. पहिल्याच नाटकात त्याने लकवा झालेल्या एका मुलीला जिवंत पुरलं. तक्रारींच्या पत्रांचा पाऊस पडला. पुढच्या दोनेक वर्षांत त्याने या मालिकेसाठी शंभराहून जास्त नाटकं लिहिली. लिहिली म्हणण्यापेक्षा बोलली म्हणूया. रात्री पलंगावर पडून, सिगारेटी ओढत, सगळ्या पात्रांचे संवाद तो डिक्टाफोनमध्ये बोलत जायचा. त्या काळच्या डिक्टाफोनमध्ये मेणाची नळी असायची. मजकूर टाइप झाला की नळी तासून गुळगुळीत करायची आणि पुन्हा वापरायची. म्हणजे आपण स्टोरेज फुल झाल्यावर जे करतो तेच.

कोंबडीचं हृदय त्याने हवेतून काढलं नव्हतं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये अ‍ॅलेक्सिस कॅरल या शास्त्रज्ञाने १९१२ पासून कोंबडीच्या गर्भाच्या हृदयातल्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवत ठेवल्या होत्या आणि पेपरवाले त्याबद्दल सतत छापायचे. (सामान्य पेशी अशा अमर नसतात, हे १९६० च्या दशकात लेनर्ड हेफ्लिकच्या प्रयोगांनी दाखवलं.) ओबोलरने त्यात फक्त दुपटीचं गणित घातलं. तासाला दुप्पट म्हणजे २० तासांत मूळच्या १० लाख पटींहून जास्त. कोडिंग करणाऱ्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल: दोनाचा विसावा घात.

आणि आवाज! इथे थोडं थांबायलाच हवं, कारण या मालिकेचा खरा जीव त्यातच होता. स्टुडिओत माइकसमोर कोबी चिरला की ऐकणाऱ्याला मुंडकं उडाल्यासारखं वाटायचं. बरगड्यांचं मटण पान्याने मोडलं की हाडं मोडल्याचा आवाज. विजेच्या खुर्चीसाठी तव्यावर चरचरणारं बेकन. 'द डार्क' या नाटकात काळं धुकं माणसांना आतून बाहेर उलटवतं. त्यासाठी ओला रबरी हातमोजा उलटा करायचा आणि त्याच वेळी फळांची छोटी टोपली चिरडायची. एवढंच. प्लग-इन नाही, सँपल लायब्ररी नाही, सगळं लाइव्ह.

सगळं लाइव्ह हीच नंतर अडचण ठरली. १९३० च्या दशकात अमेरिकेतली मोठी नेटवर्क्स नाटकं रेकॉर्ड करून लावत नसत. रेकॉर्डिंग व्हायचं ते संदर्भासाठी किंवा कोणी मुद्दाम पैसे देऊन करवून घेतलं तर. टेप अजून आली नव्हती. वापरायचे त्या १६ इंची तबकड्या: अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, त्यावर नायट्रोसेल्युलोजच्या लॅकरचा थर. मिनिटाला ३३⅓ फेरे आणि एका बाजूला साधारण १५ मिनिटं. अर्ध्या तासाच्या नाटकाला दोन बाजू लागायच्या. एक बाजू गेली की अर्धी गोष्ट गेली.

ओबोलर स्वतः मात्र हॉररमध्ये अडकून राहायला तयार नव्हता. १९३८ मध्ये बोरिस कारलॉफने 'लाइट्स आउट'मध्ये काही नाटकं केली. त्यातलं 'कॅट वाइफ' सुदैवाने आजही ऐकता येतं. त्याच्या आदल्या डिसेंबरात ओबोलरने लिहिलेल्या अ‍ॅडम-ईव्हच्या प्रहसनावरून एवढा गदारोळ झाला की त्यात काम करणाऱ्या मे वेस्टला एनबीसीने रेडिओपासून लांब ठेवलं. लेखकाचं काही बिघडलं नाही! उलट १९३९ मध्ये त्याच्या स्वतःच्या नावाची मालिका सुरू झाली. पुढे युद्धाच्या काळात नाझींविरुद्धची नाटकं आली.

आज 'लाइट्स आउट' नावाने ज्या फाइल्स ऐकायला मिळतात, त्यातल्या बऱ्याचशा १९४२-४३ मधल्या आहेत. तेव्हा एका टॉनिकच्या गोळ्यांच्या कंपनीच्या पैशाने सीबीएसवर मालिका पुन्हा सुरू झाली होती. ही रेकॉर्डिंग्ज टिकली, आणि ओबोलरने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना नवी प्रस्तावना जोडून 'द डेव्हिल अँड मिस्टर ओ' नावाने स्टेशनांना पुन्हा दिली. त्यामुळे ती पसरली आणि हौशी लोकांच्या टेपांवरून पुढे आपल्यापर्यंत आली. म्हणजे त्याचं सगळ्यात ताजं आणि धाडसी काम, १९३६ ते ३८ मधलं, जवळपास गेलं. राहिली ती दुसरी खेप. माझ्या मते त्याच्याबद्दल मत बनवताना हे लक्षात ठेवायला हवं. आपण ज्याला ओबोलर म्हणून ऐकतो, तो बराचसा स्वतःचीच जुनी नाटकं पुन्हा करणारा ओबोलर आहे.

तबकडी सापडली तरी ती लगेच वाजेल असं नाही. लॅकर लवचिक राहावा म्हणून त्यात एरंडेल तेल घातलेलं असायचं. वर्षानुवर्षांत ते बाहेर येतं, त्यातून पांढरा, चिकट थर साचतो आणि लॅकर आक्रसून पत्र्यापासून सुटायला लागतो. युद्धात अ‍ॅल्युमिनियम विमानांकडे गेल्यामुळे काचेवर बनवलेल्या तबकड्या तर हातातून सुटल्या की संपल्या. रिस्टोर करणारे आधी ती पांढरी बुरशीसारखी साय धुतात. मग खाचेच्या रुंदीप्रमाणे वेगवेगळ्या सुया लावून बघतात, कारण झिजलेल्या जागेच्या वर किंवा खाली चालणारी सुई चांगला आवाज देऊ शकते. वेग बरोबर आहे का, हे कधीकधी मागच्या घरघरीवरून कळतं. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची (आपली ५०), तेव्हा रेकॉर्डिंगमधली घरघर ६३ वर दिसली तर तबकडी किंवा तिची टेप-कॉपी जोरात पळतेय.

त्यानंतर येतं नॉइज रिडक्शन, आणि हॉररचं नुकसान होतं ते इथेच. सॉफ्टवेअर शांत जागेतला खरखराट मोजतं आणि त्याच्यासारखं दिसेल ते सगळीकडून कमी करतं. पण ओल्या हातमोज्याचा आवाज स्पेक्ट्रमवर कसा दिसतो? पसरट, अनियमित, थेट खरखराटासारखा. टोपली चिरडल्याचा आवाज तर डी-क्लिक फिल्टरला ओरखडाच वाटेल. फिल्टर जोरात लावला तर माणसांचं बोलणं स्वच्छ होतं आणि भीती धुऊन जाते. म्हणून 'सुपर क्लीन' असं लिहिलेल्या फाइलपेक्षा थोडी खरखरणारी फाइल मला जास्त भरवशाची वाटते.

फुटलेल्या किंवा लॅकर सुटलेल्या तबकड्यांसाठी सुई न लावता खाचेचे अतिसूक्ष्म फोटो काढून त्यातून आवाज मोजण्याची पद्धत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या कार्ल हेबर यांच्या टीमने विकसित केली. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ती वापरली जाते. ओबोलरची कागदपत्रं आणि रेकॉर्डिंग्जही त्याच लायब्ररीत आहेत.

रेडिओ ओसरल्यावर तो सिनेमाकडे वळला. मालिबूच्या डोंगरावर फ्रँक लॉइड राइटने आखलेलं त्याचं घर कधी पूर्ण झालंच नाही. अणुयुद्धातून वाचलेल्या पाच माणसांवरचा 'फाइव्ह' हा १९५१ चा सिनेमा तिथेच चित्रित झाला. त्याच जागेवर बांधकामाच्या खड्ड्यात साचलेल्या पावसाच्या पाण्यात १९५८ मध्ये त्याचा सहा वर्षांचा मुलगा बुडाला. घाबरवणं हा ज्याचा धंदा होता, त्याच्या आयुष्यात हे घडलं.

१९५२ च्या 'ब्वाना डेव्हिल'मुळे थ्रीडी सिनेमांची लाट आली. गोष्ट त्सावोच्या नरभक्षक सिंहांची, ज्यांनी केनियात रेल्वे बांधणारे हिंदुस्थानी मजूर मारले होते. समीक्षकांनी धुतलं, प्रेक्षकांनी रांगा लावल्या. १९६६ च्या 'द बबल'मध्ये त्याने दोन्ही डोळ्यांची चित्रं एकाच फिल्मवर वर-खाली बसवली, म्हणजे एकाच प्रोजेक्टरवर काम भागलं. तो सिनेमा अलीकडे व्यवस्थित रिस्टोर होऊन ब्लू-रेवर आलाय.

'चिकन हार्ट' तेवढं नशीबवान नव्हतं. १९६२ मध्ये कॅपिटल कंपनीच्या 'ड्रॉप डेड!' या रेकॉर्डसाठी ओबोलरने त्याची छोटी आवृत्ती नव्याने करवून घेतली. ऑनलाइन जी धडधड ऐकायला मिळते, ती सहसा हीच: स्टुडिओत टेपवर केलेली, मूळ प्रसारणानंतर पंचवीस वर्षांनी. ओबोलर मार्च १९८७ मध्ये गेला. १९३७ ची तबकडी अजून कुठे माळ्यावर असेल, तर ती ज्याला सापडेल त्याने हौसेने साध्या प्लेअरवर लावून बघू नये. सुटायला आलेला लॅकर पहिल्याच फेरीत सुईसोबत निघून येऊ शकतो. उभी ठेवायची, उन्हापासून लांब, आणि थेट अर्काइव्हला फोन करायचा.