दोन तबकड्या, एक मिक्सर आणि हेडफोन

डीजे म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर माणूस येत नाही, भिंत येते. ट्रॉलीवर रचलेले बॉक्स, फिरणारे लाइट आणि छातीत घुमणारा बेस. डीजे आपण 'लावतो', 'आणतो', 'बंद करतो'. तो वाजवणारा कोण, हे कुणी विचारत नाही. त्यामुळे घरात कुणी मला डीजे शिकायचंय म्हटलं की दोन प्रश्न ठरलेले. पैसे कुठून आणणार? आणि एवढा आवाज घरात कसा चालेल?

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात सत्तरच्या दशकात एका शाळकरी मुलापुढेही हेच दोन प्रश्न होते. त्याचं नाव जेसन मिझेल. पुढे जगाने त्याला जॅम मास्टर जे म्हणून ओळखलं. सेकंडहँड टर्नटेबल बघताय, मिक्सर कुठला घ्यावा यावर मित्रांशी वाद घालताय, तर त्याची गोष्ट तुमच्या कामाची आहे.

ट्रम्पेटपासून तबकडीपर्यंत

जेसनचा जन्म 21 जानेवारी 1965 चा, ब्रुकलिनचा. तो दहाएक वर्षांचा असताना कुटुंब क्वीन्समधल्या हॉलिस या वस्तीत राहायला आलं. टुमदार घरं, पुढे छोटंसं अंगण, नोकरदार कृष्णवर्णीय कुटुंबं, अशी ही वस्ती. संगीत त्याच्या हातात लहानपणापासून होतं. ट्रम्पेट झाला, मग बास, गिटार, ड्रम्स. चर्चमध्ये वाजवायचा, पोरांच्या बँडमध्ये वाजवायचा. म्हणजे टर्नटेबलला हात लावण्याआधीच ताल म्हणजे काय, मात्रा कुठे पडते, हे त्याला कळत होतं. पुढे हेच त्याच्या फार उपयोगी पडलं.

त्याच वर्षांत पलीकडच्या ब्राँक्समध्ये काहीतरी वेगळंच शिजत होतं. ऑगस्ट 1973 मध्ये कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या आणि एक गोष्ट हेरली. गाण्यात जिथे गायक थांबतो आणि नुसते ड्रम्स उरतात, त्या तुकड्यावर लोक सगळ्यात जास्त नाचतात. हा तुकडा म्हणजे 'ब्रेक'. तो असतो जेमतेम काही सेकंदांचा. मग लांबवायचा कसा? एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घ्यायच्या. एकीवर ब्रेक वाजत असताना दुसरी मागे फिरवून ठेवायची, पहिलीवरचा संपला की दुसरीवरचा सुरू. ग्रँडमास्टर फ्लॅशने पुढे ही अदलाबदल घड्याळासारखी नेमकी केली. ग्रँड विझर्ड थिओडोरने तबकडी हाताने मागेपुढे घासून त्या खरखरीचंच वाद्य केलं. तेच 'स्क्रॅच'.

डीजेला टर्नटेबल दोन का लागतात आणि मध्ये मिक्सर का लागतो, याचं उत्तर इथे आहे. तो डामडौल नाही, त्या कलेचं व्याकरण आहे. एका हातात वर्तमान, दुसऱ्या हातात पुढचा क्षण आणि मधली पट्टी, म्हणजे क्रॉसफेडर, दोघांतलं दार.

कॉमिक्स विकून आलेला सेट

ब्राँक्सचं हे वारं हॉलिसला पोहोचलं तेव्हा जेसन तेराच्या आसपास होता. तबकड्यांनी त्याला वेड लावलं. पण वेड लागणं फुकट असतं, टर्नटेबल नाही. त्या काळात हॉलिसच्या पोरांनी सेट कसे जमवले, याच्या गोष्टी गमतीदार आहेत. जेसनचा पुढचा साथीदार डॅरिल मॅकडॅनियल्स आणि त्याचा भाऊ यांनी जमवलेली कॉमिक्स विकून टर्नटेबल आणि मिक्सर घेतले होते. ज्यांच्याकडे तेही नव्हतं ते मित्राच्या घरी, तळघरात, जिथे सेट असेल तिथे जाऊन हात साफ करत.

जेसननेही तसंच केलं. मिळेल त्या सेटवर वर्षभर हात बसवला आणि मग 'जॅझी जेस' या नावाने पार्कात वाजवायला लागला. पुढे बार, छोट्या पार्ट्या. पण त्याचा हात खरा सुधारला तो स्वतःची टेक्निक्स 1200 ची जोडी आल्यावर. आता सेट घरात होता, त्यामुळे सराव कधीही करता येत होता. फक्त 'कधीही' म्हणजे रात्री. घरच्यांना वाटायचं पोरगं झोपलंय. पोरगं अंधारात हेडफोन लावून एकच ब्रेक पन्नास वेळा मागे फिरवत असायचं.

आपल्याकडे याला रियाझ म्हणतात. आवाजाचा प्रश्न त्याने असा सोडवला. मोठे स्पीकर त्या रियाझात कुठेच नव्हते.

टेक्निक्सच का?

जपानच्या मात्सुशिता कंपनीने, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकने, टेक्निक्स एसएल-1200 बाजारात आणला 1972 मध्ये. तो बनवला होता घरी निवांत संगीत ऐकणाऱ्यांसाठी. डीजेंनी तो पळवला. कारण त्याच्या पोटात होतं.

साध्या टर्नटेबलमध्ये मोटर एका बाजूला असते आणि रबरी पट्टा थाळी फिरवतो. ऐकायला ठीक. पण थाळी हाताने धरली, मागे ओढली, सोडली की पट्टा घसरतो, वेग सावरायला वेळ लागतो. 1200 मध्ये थाळी थेट मोटरवर बसते. तबकडी बोटाने थोपवा, खाली थाळी आपली फिरतच राहते. बोट उचला, गाणं लगेच वेगात. त्यासाठी मध्ये रबरी मॅटऐवजी गुळगुळीत कापडी 'स्लिपमॅट' टाकायची. 1979 मध्ये आलेल्या मार्क 2 मॉडेलला वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करणारी सरकपट्टी मिळाली. दोन गाण्यांचे ठेके एकमेकांवर बसवणं त्यामुळे सोपं झालं.

म्हणून आजही बजेट कमी असेल तर पहिला नियम हाच: टर्नटेबल 'डायरेक्ट ड्राइव्ह'च घ्या. पट्ट्याचे स्वस्त, चकचकीत, सूटकेससारखे मिळणारे प्लेअर खोलीत शोभून दिसतात, पण स्क्रॅच त्यांच्यावर शिकता येत नाही. नवी टेक्निक्स परवडणार नाही. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी-120 सारखी डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल त्यामानाने बरीच स्वस्त असतात. मोटरची ताकद थोडी कमी, पण सुरुवातीला चालून जातं. दोन एकदम जमत नसतील तर एक चांगलं घ्या. स्क्रॅचचे पहिले धडे एकाच टर्नटेबलवर होतात. दोन वाईट घेण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

ज्याचं नाव ग्रुपच्या नावात नव्हतं

हॉलिसमधलेच जोसेफ सिमन्स, म्हणजे रन, आणि डॅरिल, म्हणजे डीएमसी, रॅप करायचे. त्यांना डीजे हवा होता. जेसन आला आणि रन-डीएमसी पूर्ण झालं. 1983 मध्ये त्यांची पहिली सिंगल आली. त्या वेळी रॅपच्या बहुतेक रेकॉर्डवर मागे अख्खा फंक बँड वाजायचा. यांच्याकडे नुसता ड्रम मशीनचा ठोका, दोन आवाज आणि जेसनचा स्क्रॅच. बाकी रिकामं. तो रिकामेपणाच लोकांना नवा वाटला.

1984 चा त्यांचा पहिला अल्बम अमेरिकेत गोल्ड ठरलेला रॅपचा पहिला अल्बम. गंमत म्हणजे त्याच्या मुखपृष्ठावर दोघेच दिसतात. ग्रुपच्या नावातही दोघेच. पण स्टेजवर ते दोघे उभे राहिले की मागे ना गिटार, ना ड्रमर, ना कीबोर्ड. जेसन हाच बँड. त्याचा हात चुकला तर सगळंच कोसळणार. जुलै 1985 मध्ये फिलाडेल्फियाच्या स्टेडियममध्ये लाइव्ह एडच्या अफाट गर्दीपुढेही मागे तो एकटाच होता.

दिसण्याचंही तेच. काळी हॅट, चामड्याचं जॅकेट, गळ्यात जाड सोन्याची साखळी, बिनलेसचे अडिडास. हा जेसनचा, हॉलिसच्या रस्त्यावरचा पेहराव. आधीचे रॅपर चमचमते पोशाख घालून स्टेजवर यायचे. या ग्रुपचं काम बघणाऱ्या रसेल सिमन्सने, म्हणजे रनच्या मोठ्या भावाने, ठरवलं की तिघांनीही जेसनसारखंच राहायचं. 1986 मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हजारो चाहत्यांनी पायातले बूट काढून हवेत धरले आणि अडिडासने ग्रुपशी मोठा करार केला. बूट कंपनीने रॅपरशी असा करार करणं त्या काळी नवलाचं होतं.

चौथ्या नंबरचं गाणं

त्याच वर्षी 'रेझिंग हेल' हा अल्बम आला. त्यातल्या 'पीटर पायपर' गाण्यात घंटांचा जो तुकडा वाजतो, तो जॅझ पियानिस्ट बॉब जेम्सच्या रेकॉर्डमधला. पार्कातल्या डीजेंचा तो जुना लाडका ब्रेक. आणि 'वॉक धिस वे'? ते एरोस्मिथ या रॉक बँडचं 1975 च्या अल्बममधलं गाणं. हॉलिसच्या पोरांना बँडशी देणंघेणं नव्हतं. त्यांच्यासाठी ते होतं 'टॉइज इन द अॅटिक' रेकॉर्डवरचं चौथं गाणं, सुरुवातीला झकास ड्रम्स असलेलं. गायकाने तोंड उघडायच्या आत रेकॉर्ड मागे फिरवायची!

निर्माता रिक रुबिनने अख्खं गाणंच नव्याने करायचं सुचवलं. मार्च 1986 मध्ये एरोस्मिथचे स्टीव्हन टायलर आणि जो पेरी मॅनहॅटनच्या स्टुडिओत आले. गाणं अमेरिकेच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं, अल्बम 30 लाखांवर खपला. रॉक ऐकणारी गोरी पोरं आणि रॅप ऐकणारी काळी पोरं यांच्यामधली भिंत त्या व्हिडिओत खरोखर फोडलेली दाखवली आहे.

उतार आणि शेवट

नव्वदच्या दशकात हिपहॉप बदललं, नवी नावं आली, रन-डीएमसीचा जोर ओसरला. जेसनने स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. ऑनिक्स हा ग्रुप पुढे आणला. क्वीन्सच्याच एका नवख्या पोराला, ज्याला आज जग फिफ्टी सेंट म्हणून ओळखतं, मात्रा मोजून गाणं कसं बांधायचं ते शिकवलं. हॉलिस त्याने मनाने कधी सोडलं नाही. त्याचा स्टुडिओही शेजारच्या जमैका भागात होता.

30 ऑक्टोबर 2002 च्या संध्याकाळी त्याच स्टुडिओत त्याच्यावर गोळी झाडण्यात आली. तो 37 वर्षांचा होता. बायको आणि मुलं मागे राहिली. रन आणि डीएमसीने काही दिवसांतच ग्रुप थांबल्याचं जाहीर केलं. त्यांच्या लेखी जेसन नाही, तर बँड नाही. खुनाचा तपास वर्षानुवर्षं रखडला. आरोप ठेवले गेले ते 2020 मध्ये आणि खटला उभा राहिला 2024 मध्ये. अमली पदार्थांच्या व्यवहारातून हा खून झाला, असं सरकारी पक्षाने कोर्टात मांडलं. गाणी चालेनाशी झाली की प्रसिद्ध माणसाचाही खर्च थांबत नाही, हे कटू वास्तव त्या खटल्यातून पुढे आलं.

पण त्याच 2002 मध्ये जेसनने आणखी एक काम सुरू करून ठेवलं होतं. न्यूयॉर्कमध्ये त्याने दोन सहकाऱ्यांबरोबर स्क्रॅच डीजे अकॅडमी काढली. टर्नटेबलवर हात ठेवून शिकवणारी शाळा. ज्याच्याकडे सेट नाही त्यानेही यावं, उभं राहावं, तबकडी फिरवावी. मित्रांच्या तळघरात जे मिळायचं, तेच इथे वर्ग भरवून मिळू लागलं.

सेट घेताना

मिक्सर दोन चॅनेलचा पुरे. चार चॅनेल आणि वीस इफेक्ट यांवर सुरुवातीला पैसे घालू नका. तीन गोष्टी बघा: टर्नटेबल जोडायला 'फोनो' इनपुट आहे का, हेडफोनमध्ये पुढचं गाणं आधी ऐकायला 'क्यू' आहे का, आणि क्रॉसफेडर हलका चालतो का. तो झिजला तर बदलून मिळतो का, हेही विचारा.

सेकंडहँड घेताना सेट चालू करूनच बघा. वेगाची सरकपट्टी मध्यावर ठेवून गाणं ऐका, सूर डुगडुगत असेल तर सोडा. सुई धरणारा दांडा सैल नको. क्रॉसफेडर एका टोकाला नेल्यावर दुसऱ्या बाजूचं गाणं झिरपत असेल तर तो गेलेला आहे. गुणगुण येत असेल तर आधी अर्थिंगची तार जोडली आहे का ते बघा, फुकट किंमत पाडू नका. सुई मात्र नवीच घ्या, झिजलेली सुई तबकड्या खाते.

लग्न-पार्ट्यांमध्ये गाणी जुळवून वाजवायची आहेत, स्क्रॅच करायचा नाही? मग टर्नटेबलच्या मागे लागू नका. लॅपटॉप आणि छोटा दोन चॅनेलचा कंट्रोलर यांत काम होतं, तेही बऱ्याच कमी पैशांत.

पैशांचा क्रम असा लावा: आधी टर्नटेबल, मग मिक्सर, मग बरे हेडफोन. स्पीकर सगळ्यात शेवटी. भिंत भाड्याने मिळते, हात भाड्याने मिळत नाही. हॉलिसमध्ये आज एका चौकाच्या पाटीवर रन-डीएमसीच्या जोडीला जेसनच्या नावाची अक्षरंही आहेत. अल्बमच्या मुखपृष्ठावर नसलेला तो तिसरा माणूस तिथे मात्र सगळ्यांना दिसतो.