प्राथमिक शिक्षक जोतीराव

महात्मा जोतीराव फुले यांना आपण समाजक्रांतिकारक म्हणून अभिवादन करतो. परंतु ते हाडाचे प्राथमिक शिक्षक होते, ही बाब जयंतीच्या भाषणांत मागे पडते. जुन्नर-आंबेगावच्या शाळांतील मुलांना समजून वाचता येते काय, याची चर्चा करणाऱ्यांनी तर हे रूप आधी पाहावे.

१८२७ साली जन्मलेल्या जोतीरावांची स्वतःची शाळा मध्येच सुटली होती. जातीच्या दडपणाखाली वडिलांनी त्यांना मळ्यात कामाला लावले. गफ्फार बेग मुन्शी व लिजिट साहेबांनी समजूत घातली, म्हणून १८४१ साली ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. शाळा सुटलेल्या मुलाचे दुःख त्यांना दुसऱ्याकडून ऐकावे लागले नाही.

पुढे सावित्रीबाईंना त्यांनी घरीच अक्षरओळख दिली. १८४८ मध्ये मुलींची आणि १८५२ मध्ये महार-मांगांच्या मुलांची शाळा उघडली. या शिक्षणाचा निकाल कोणता? १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आलेला मुक्ता साळवे हिचा निबंध! पाठ केलेला धडा नव्हे. वाचायला शिकलेल्या मातंग मुलीने धर्माला विचारलेला जाब होता तो.

१८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी दिलेले निवेदन वकिलाच्या नजरेने वाचावे असे आहे. बारा वर्षांपर्यंत सक्तीचे शिक्षण, नव्याने रचलेली क्रमिक पुस्तके, शेतकऱ्यांत मिसळणारा, शक्यतो त्यांच्यातलाच, प्रशिक्षित शिक्षक आणि त्याला किमान बारा रुपये पगार. वाचन मात्र बालबोध आणि मोडी या दोन्ही लिप्यांत! कारण उघड आहे. छापील पुस्तक बालबोधीत, तर सावकाराचे खत मोडीत. नुसती बालबोध शिकलेला कुणब्याचा पोर धडा घडाघडा वाचील, पण बापाने ज्या खतावर नांगराची निशाणी केली ते त्याला वाचता येणार नाही.

त्याच दशकात जुन्नरच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या जमिनी पडीक ठेवून लढा दिला. जोतीराव त्यांच्या पाठीशी होते. ओतूरच्या सत्यशोधकांनी भटजीविना लग्ने लावली, तेव्हा दक्षिणेच्या हक्कासाठी प्रकरण कोर्टात गेले. १८८७ साली जोतीरावांनी मंगलाष्टकांसह पूजाविधीचे मराठी पुस्तकच काढले. वाचता येणाऱ्या कोणाही माणसाला आता पुरोहिताची गरज उरली नाही.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी मागितलेली सक्ती २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही आहे. त्याखालील महाराष्ट्राच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असे म्हटले आहे. आणि २०२३ साली शासनानेच वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळांचे प्रस्ताव मागविले. आंबेगावच्या पश्चिमेकडील आदिवासी वाड्यांत वीस मुले आणायची कोठून? तेथील पालकांनी ग्रामसभेत ठराव करताना हा एक किलोमीटरचा नियम आणि १८८२ चे निवेदन, दोन्ही कागद सोबत जोडावेत.