तिसरे उमेदवार : चिंतामणराव देशमुख
शिक्षक-पालक मित्रांनो, हरणाऱ्याला दिलेलं मत वाया जातं का, असं मुलं विचारतातच. तेव्हा त्यांना चिंतामणराव देशमुख सांगा.

जन्म १८९६, रायगडाजवळचं नाते गाव. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे केंद्रीय अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. इथवर आपण शिकवतो.

१९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक मात्र राहून जाते. चुरस गिरी आणि रेड्डी यांची. देशमुख तिसरे, जनसंघ व स्वतंत्र पक्षाचे. सोनाळ्याच्या माणसाला यात थेट मत नव्हतं, मतदार म्हणजे आमदार-खासदार. देशमुख निवडून येणं अवघडच होतं. मग त्यांना मत का द्यायचं? तर मतपत्रिकेवर १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा असतो. पहिली पसंती देशमुखांना देऊनही दुसरी उरतेच!

देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळालं. गिरींना ४,०१,५१५, म्हणजे निम्म्याला थोडं कमीच. मग देशमुखांसह मागे पडलेल्यांच्या पुढच्या पसंत्या मोजल्या. त्यातल्या बहुतेक रेड्डींकडे गेल्या, पण गिरींना मिळालेल्या थोड्याच पुरेशा ठरल्या : गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७.

देशमुख १९८२ मध्ये हैदराबादला वारले. वर्गात आंबा, पेरू, सीताफळ अशा चिठ्ठ्या टाकून ही मोजणी करून बघा, पोरं पटकन पकडतात.