रामचंद्रपंत अमात्य : आरमाराचे लाकूड आणि रयतेची झाडे

वेल्ह्याचा राजगड आणि समुद्र यांचा संबंध वरवर पाहता जुळत नाही. तथापि १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यानंतर मराठ्यांचे आरमार आकारास येऊ लागले, तेव्हा राज्याचा कारभार याच डोंगरी मुलखातून चालत होता. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड, आणि तेथून सावित्रीच्या पात्राने बाणकोटची खाडी. बंदरावरच्या जहाजाला लागणारे लाकूड आणि पैसा अखेर जमिनीवरूनच यायचा. हा पुरवठा रयतेला न नागवता कसा करावा, याचा विचार रामचंद्र नीळकंठ, म्हणजेच रामचंद्रपंत अमात्य यांनी शब्दबद्ध केला.

वडील निळो सोनदेव यांच्याकडून जमाखर्चाची विद्या आणि पद दोन्ही त्यांच्याकडे आली. १६७४ च्या राज्याभिषेकसमयी ते अष्टप्रधानांत अमात्य होते. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला आणि राजाराम महाराज जिंजीस गेले. महाराष्ट्रातील कारभार हुकूमतपनाह या अधिकाराने रामचंद्रपंतांच्या हाती आला. त्यांनी विशाळगडावरून सूत्रे हलविली, तर मावळच्या किल्ल्यांची धुरा शंकराजी नारायण यांनी वाहिली. पुढे सचिवपद मिळालेल्या याच शंकराजींच्या घराण्याचे भोर संस्थान झाले. १७०७ मध्ये शाहू महाराज सुटून आल्यावर निष्ठा कोणाशी ठेवावी, या पेचात शंकराजींनी प्राणत्याग केला. रामचंद्रपंत करवीरच्या बाजूस राहिले.

१७१४ मध्ये पन्हाळ्यावर सत्तांतर होऊन ताराबाईंच्या जागी राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले. या तरुण छत्रपतींसाठी रामचंद्रपंतांनी १७१५ मध्ये आज्ञापत्र सिद्ध केले, असे रूढ मत आहे. त्यातील आरमाराचे प्रकरण आजच्या बंदर-व्यवस्थापकानेही वाचावे असे आहे.

जहाजबांधणीस सागवान लागे. ते राज्याच्या अरण्यातून, पण हुजूरची परवानगी घेऊनच तोडावे आणि कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे, असा दंडक तेथे आहे. आंबा-फणसाचे लाकूडही आरमाराच्या कामाचे. पण त्यांना हात लावण्यास साफ मनाई आहे. कारण दिले आहे ते हिशेबी माणसाचे आणि तितकेच हळव्या मनाचे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर मालकाला राजी करून, त्याचे मोल देऊन तोडावे. बळजोरी मुळीच करू नये.

सभा-समारंभांत ही आज्ञा थेट शिवछत्रपतींची म्हणून सांगितली जाते. धोरण त्यांच्या राज्यकारभारातून आले यात शंका नाही. मात्र हे लेखन त्यांच्या निधनानंतर सुमारे ३५ वर्षांनी झाले.

पैशाबाबतही हीच दृष्टी दिसते. आरमाराचा खर्च मुलखाच्या वसुलातून नेमून द्यावा, बंदरातल्या मिळकतीवर सोपवू नये. तसे केले की आरमारी अंमलदार सावकारांना छळणार, व्यापार बसणार आणि बंदर ओस पडणार, हे पंतांनी ओळखले होते. पावसाळ्यात जहाजांची छावणी दरवर्षी एकाच बंदरात न करता निरनिराळ्या बंदरांत करावी, ही सूचनाही तशीच. एकाच गावावर दरसाल भार पडू नये, हा तिचा हेतू.

दैवाचा खेळ असा, की हे लिहिले गेले तेव्हा मराठी आरमाराचा मोठा भाग कान्होजी आंग्र्यांकडे होता आणि ते आधीच शाहू महाराजांच्या पक्षास मिळाले होते. करवीरकडे सिंधुदुर्ग होता. पण दर्यावरची जुनी हुकमत उरली नव्हती. वृद्ध अमात्यांना पुढील घडामोडी पाहण्यास अवधीही मिळाला नाही. १७१६ मध्ये पन्हाळ्यावर त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी तेथेच आहे.