दारासिंग : कुस्ती सुटल्यानंतर

माझ्या आजोबांचे दोन्ही कान मोडलेले होते. बदनापूरच्या आसपासच्या जत्रांत त्यांनी रेवड्यांपासून इनामापर्यंतच्या कुस्त्या मारल्या. पुढे गुडघा निकामी झाला आणि उरलेले आयुष्य कपाशीच्या रानात गेले. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनवर ‘रामायण’ पुन्हा लागले, तेव्हा हनुमान दिसताच ते बाजेवर ताठ बसत. त्यांना त्यात दारासिंगच दिसत.

दारासिंग १९ नोव्हेंबर १९२८ रोजी अमृतसर जिल्ह्यातील धर्मूचक गावी शेतकऱ्याच्या घरी जन्मले. तरुणपणी सिंगापूरला गेले, तेथे कारखान्यात राबले आणि हरनामसिंग यांच्याकडे कुस्ती शिकले. १९५४ साली ते रुस्तुम-ए-हिंद झाले, १९५९ मध्ये राष्ट्रकुल विजेते, आणि १९६८ मध्ये मुंबईत अमेरिकेच्या लू थेझला हरवून जगज्जेते. दोरखंडातल्या त्या फ्रीस्टाइल कुस्त्या ठरलेल्या असतात, असे मातीतले वस्ताद म्हणत. आजोबांचेही तेच मत. मात्र दोनशे किलोच्या किंगकाँगला उचलायला ठरवून भागत नाही, असेही ते सांगत.

‘किंगकाँग’ (१९६२) या चित्रपटाने ते नायक झाले. मुमताजबरोबरच त्यांनी सोळा चित्रपट केले. अभिनय बेताचा, उच्चार पंजाबी. लोक येत ते देह पाहायला. आणि देह तर उतरणारच! पैलवानाची खरी परीक्षा तेव्हा असते. आमच्याकडे कितीतरी मल्ल त्या वयात राखणदारीला लागलेले मी पाहिले आहेत. दारासिंगांनी मोठेपणा बाजूला ठेवून लहान कामे घेतली. ‘मेरा नाम जोकर’मध्ये (१९७०) ते सर्कशीतले शेरसिंग झाले, ‘आनंद’मध्ये (१९७१) आखाड्यातले वस्ताद.

‘बजरंगबली’ (१९७६) या चित्रपटात ते हनुमान होतेच. रामानंद सागरांनी १९८७ साली दूरदर्शनवर ‘रामायण’ आणले तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. तोंड रंगभूषेखाली झाकलेले, अभिनयाला उरले फक्त डोळे. एवढा प्रचंड माणूस रामाच्या पायाशी हात जोडून बसतो, तेव्हा ते डोळे पुरेसे होतात. मला त्यांचे तेच काम सर्वांत मोठे वाटते.

२००३ ते २००९ ते राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य होते. १२ जुलै २०१२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

टाळेबंदीत एका रात्री मालिका रंगात असतानाच वीज गेली. आजोबांनी मला अंधारातच उठवून उभे केले, आणि किंगकाँगला कमरेत कसे धरले असेल ते तो दुखरा गुडघा टेकून दाखविले.