इंद्रायणीच्या स्वाधीन

तुकाराममहाराजांचे चरित्र आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्यातील एका गोष्टीकडे मात्र माझे मन वारंवार वळते. त्यांचे कागद इंद्रायणीत दोनदा बुडाले आणि दोन्ही वेळचे कागद अगदी निराळे होते.

१६०८ साली देहूच्या महाजनकीच्या घरात त्यांचा जन्म झाला. आईवडील लवकर गेले, थोरले बंधू सावजी विरक्त होऊन निघून गेले. पुढे १६३०-३२ चा भीषण दुष्काळ पडला. पावसाने पाठ फिरवली, दुकानाचे दिवाळे निघाले, पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली आणि मुलगा संतूही गेला. त्यानंतर तुकोबांनी घरातील कर्जखते काढली. निम्मी धाकट्या कान्होबांना दिली, आपल्या वाट्याची नदीत सोडून दिली. महिपतींनी ही हकीकत दिली आहे. जी कुळे आपल्याच डोळ्यांदेखत उपाशी मेली, त्यांच्या दारी वसुलीला जायचे तरी कोणत्या तोंडाने?

दुसऱ्या वेळी बुडाल्या त्या अभंगांच्या वह्या. शूद्राने वेदार्थ सांगू नये, हा वाघोलीच्या रामेश्वरभट्टांचा आक्षेप होता. धन सोडताना न डगमगलेले तुकोबा या वेळी मात्र नदीकाठी तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसून राहिले. त्यांना नुसते विरक्त म्हणून आपण फार सोपे करून टाकतो. शब्द हेच त्यांचे धन होते, आणि ते गमावण्याचे दुःख त्यांना सोसवले नाही.

वह्या कोरड्या निघाल्या, ही वारकऱ्यांची श्रद्धा. अभंग लोकांच्या मुखी होते म्हणून वाचले, असे काही अभ्यासक म्हणतात. मला हे दुसरे मत सहज पटते. माझी आजी अंगठा उठवते, पण हरिपाठानंतर तुकोबांचे अभंग ती चालीसकट म्हणते. तिच्याजवळची वही कोणी बुडवायची? अर्थात कागदही हवाच होता. चाकणच्या संताजी जगनाड्यांनी अभंग लिहून ठेवले, हे त्यांचे मोठे ऋण. रामेश्वरभट्टही पुढे तुकोबांचे शिष्य झाले.

१६५० च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा गेले. मागे राहिलेल्या कान्होबांनी विलापाचे अभंग रचले. त्यांत ते विठ्ठलाशी चक्क भांडतात, आपला भाऊ परत मागतात. तेही गाथेतच आहेत. ग्रंथालयातून गाथा घरी न्याल तेव्हा ती पाने चाळून पुढे जाऊ नका.